आखणी

श्रावणात रंग वाळत नाही, हे मी फादरना सांगितलं.
ते म्हणाले, सोळा ऑगस्टला फेस्त. ताडपत्री बांधू.
बांधली. दुमिंगच्या होडीवरची, निळी,
बांगड्याचा वास मारणारी.
आत मी, दोन डबे टर्पेंटाईन
आणि सिमेंटचा संत रोक.
तिकडे शाळेत माझे एकशे चाळीस गणपती
बिनडोळ्यांचे खोळंबलेले.

हा इगर्जीच्या बाहेरच उभा असतो,
कर्लीच्या मुखाकडे बघत.
एका हातात काठी, दुसऱ्याने झगा वर धरलेला,
मांडीवरची गाठ दाखवतो,
दवाखान्यात नंबर लागल्यासारखा.
प्लेगात परक्यांची सेवा केली, मग स्वतःलाच झाला,
रानात जाऊन पडला.
भाकर आणून द्यायचा तो पायाशी बसलेला कुत्रा.
हे फिलूमावशीने सांगितलं,
ताडपत्रीचा कोपरा उचलून चहा देताना.
"मेस्त्रीनू, कुत्र्याक बरो रंग काढा.
तेनाच तेका जगवल्यान."

गणपतीला जखम नसते.
मोडका दात असतो, पण तो कधी ठणकत नाही.
शेंदरी लावून बघितला, पानाची पिंक दिसली.
शेवटी आमसुलाचं पाणी आठवलं,
वाटीच्या तळाशी राहतं तसलं,
त्यात काळ्याचा एक थेंब.
लावला,
आणि माझाच पाय जड झाला.

चेहरा मी शेवटी ठेवतो. घरची सवय.
काचपेपरने घासत गेलो.
तपकिरी निघाला. खाली पोपटी,
कुणाची करणी देव जाणे.
मग पांढरा.
मग गुलाबी,
आणि हात थांबला.

तो गुलाबी मला अंधारातही कळेल:
पांढऱ्यात चिमूटभर पिवडी, शेंदराचं एक बोट.
आमच्याच शाळेतल्या सोंडांचा.
त्यावर डाव्या डोळ्याची रेघ,
पापणी केसभर खाली.

बाबांची आखणी.
गिऱ्हाइकं म्हणायची, तुमच्याकडचा गणपती जरा पेंगतो.
बाबा म्हणायचे, नैवेद्य झालाय, पेंगणारच.

बेचाळीस वर्षं त्यांनी डोळे काढले.
सगळे पाण्यात गेले,
दीड दिवसात, पाचव्या दिवशी,
फार तर एकविसाव्या.
कुठे सोंड वाकडी, कुठे मुकुटाची कड फाटलेली,
खाडीने सगळं पोटात घातलं.
घरात त्यांच्या हातचं काही नाही.
एक सही आहे, रेशनकार्डावर, तीही थरथरती.

आणि इथे तीन थरांखाली
हा एक डोळा, न बुडालेला.
घरी कधी बोलले नाहीत.
रात्री आईला विचारलं तर म्हणाली,
"एका वर्षी मधीच नवो पंखो आणल्यानी खरो."

रेघ ठेवता आली नसती.
अर्धं तोंड गुलाबी, अर्धं तपकिरी,
असल्या संताची फेस्त कोण करील?
दुसऱ्या दिवशी पाऊस ताडपत्रीत साचून
पोट धरून बसला होता.
फादर बाहेरून विचारत होते, झालं का?
मी बोट ठेवून तिच्यावरून गेलो,
चार वेळा, डोळे मिटून,
पाटीवरचा श्री गिरवावा तसा.
मग प्रायमर लावला.

सोळाला मेणबत्त्या, अबोलीचे वळेसर,
पायऱ्यांवर छत्र्याच छत्र्या.
फिलूमावशी बराच वेळ बघत राहिली.
"ह्यो जेवन झाल्यासारखो दिसता," म्हणाली.

कुत्र्याबद्दल कुणी काही बोललं नाही.
खरं तर तोच जमला होता:
आमच्या बंड्यासारखा, एक कान दुमडलेला,
तोंडात पाव,
आणि खायची मुभा नाही.